प्रयोग चौघांनी सोडवायचा: गटातून व्याकरण शिकवणाऱ्या एका संचाबद्दल

आधी निकाल सांगून टाकते. गटांमधून व्याकरण शिकवण्यासाठीचा हा संच घ्यावा, पण सगळाच्या सगळा वापरू नये. प्रयोगाची कार्डं अव्वल आहेत, समासाची चांगली पण डागडुजी मागणारी, संधीची निव्वळ भरती. मार्गदर्शिकेची सुरुवातीची पानं सोडून दिलीत तरी काही बिघडत नाही. शेवटचा गुणतक्ता मात्र सोडू नका, त्यात एक मोठा घोळ असूनही. संचाचं आणि प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धर्तीचे संच आता बरेच निघालेत, बहुतेक एकमेकांचं बघूनच निघालेत, तेव्हा पुढचं बरंचसं त्यांतल्या कुठल्याही खोक्याला लागू पडेल.

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. वर्गात मुलं खच्चून भरलेली, बाक जड, तास पस्तीस मिनिटांचा. ‘सहकारी अध्ययन’ हे शब्द प्रत्येक प्रशिक्षणात ऐकून कान किटले होते, कारण ऐकवणारे दरवेळी एवढंच सांगायचे की मुलांना गोलात बसवा आणि कार्यपत्रिका वाटा. मग व्हायचं काय, तर एक हुशार मुलगी पटापट सगळं सोडवणार, दोघं तिच्या वहीत डोकावून उतरवणार आणि चौथा पंखा मोजत बसणार. शेवटी सगळ्या गटाला सारखेच गुण. याला गटकार्य म्हणायचं असेल तर मला माझा फळा आणि खडू बरा, असं माझं मत होतं आणि तसल्या गटकार्याबद्दल ते आजही तेच आहे.

म्हणून कुठलाही संच हातात आला की मी दोनच गोष्टी बघते. एक, काम असं आहे का की एकट्याला ते पुरं करताच येणार नाही? दोन, शेवटी प्रत्येक मुलाला एकट्याने उभं राहून उत्तर द्यावं लागतं का? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ सहकारी अध्ययनाचे पाच घटक सांगतात. सकारात्मक परस्परावलंबन, म्हणजे एकाचं काम दुसऱ्यावाचून अडणं, आणि वैयक्तिक जबाबदारी हे त्यांतले पहिले दोन, म्हणजे माझ्या याच दोन कसोट्या. उरलेले तीन म्हणजे समोरासमोर एकमेकांना मदत, सामाजिक कौशल्यं आणि गटाने आपल्याच कामाकडे वळून बघणं. मार्गदर्शिकेत हे पाचही घटक सुबक चौकटीत छापलेत. छापायला काय जातं! प्रश्न कार्डांमध्ये ते उतरलेत का, एवढाच आहे.

खोक्यात प्रयोग, विभक्ती, समास, संधी आणि वाक्यरूपांतर अशी पाच पाकिटं येतात. सोबत गळ्यात अडकवायचे एक ते सहा आकड्यांचे बिल्ले, ‘गटनायक’, ‘लेखनिक’, ‘वेळपाल’, ‘तपासनीस’ अशा भूमिकांच्या पट्ट्या, एक वाळूचं घड्याळ, मार्गदर्शिका आणि गुणतक्त्याचं पॅड. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ, जोडाक्षरं कुठे फुटलेली नाहीत. शालेय साहित्यात ‘ऱ्या’ धड छापलेला दिसणं हीसुद्धा चैनच असते, म्हणून मुद्दाम नोंदवते.

बिल्ले सहा आहेत, कारण मार्गदर्शिका सहा-सहांचे गट करायला सांगते. ते ऐकू नका. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला खरा, पण माणशी जोर कमी कमी होत गेला, आठ जणांत तर तो जवळपास निम्म्यावर आला. पुढे १९७९ मध्ये बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगून तेच तपासलं. घोळक्यात माणूस ओरडायचासुद्धा आळस करतो! व्याकरणाचं तर विचारूच नका. मी गट चौघांचे करते आणि तेही मुलामुलींचे मिसळून. पुढच्या बाकावरच्या दोघांनी फक्त मागे तोंड करून बसायचं, म्हणजे बाक हलवण्यात तास जात नाही. पाच आणि सहा नंबरचे बिल्ले खणात पडून आहेत.

आता प्रयोगाचं पाकीट. या संचाचे पैसे इथे वसूल होतात.

प्रयोग शिकवायची चालू पद्धत सगळ्यांना माहीत आहे. कर्त्याला प्रत्यय नाही म्हणजे कर्तरी, कर्त्याला ‘ने’ आणि कर्माला काही नाही म्हणजे कर्मणी, दोघांनाही प्रत्यय म्हणजे भावे. मुलं हे पाठ करतात, परीक्षेत निम्म्याहून अधिक वाक्यांत ते चालूनही जातं आणि क्रियापद कुणाच्या तालावर बदलतं, कर्त्याच्या (कर्तरी), कर्माच्या (कर्मणी) की कुणाच्याच नाही (भावे), ही मूळ गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरतच नाही. संचाने प्रत्ययांचं नावसुद्धा घेतलेलं नाही. प्रत्येक गटाला एक वाक्य आणि चार कार्डं मिळतात. पहिल्याने कर्त्याचं लिंग बदलून वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने कर्त्याचं वचन बदलायचं, तिसऱ्याने कर्म बदलायचं, तेही वेगळ्या लिंगाचं आणि वेगळ्या वचनाचं असं दोनदा. चौथ्याने वाक्य बदलायचंच नाही, फक्त कान देऊन ऐकायचं की क्रियापद कुणामुळे हललं. निकाल चौथा देतो, पण बाकी तिघांनी आपलं वाक्य म्हटल्याशिवाय त्याला तो देता येत नाही. पहिली कसोटी इथे पार.

वाक्यं ज्याने निवडली त्याला वर्गाची नस कळलेली आहे. ‘तिने पुस्तक वाचले’ हे वाक्य बघा. कर्ता बदलून ‘त्याने’ केला, ‘त्यांनी’ केला, तरी ‘वाचले’ जागचं हलत नाही. शिवाय ते नपुंसकलिंगी एकवचनी दिसतंय. उतावळ्या गटाने लगेच ‘भावे’ म्हणून हात वर केलाच म्हणून समजा. मग तिसरं कार्ड उठतं: ‘तिने पोथी वाचली’, ‘तिने ग्रंथ वाचला’. कर्मणी! पुढच्याच कार्डावर ‘ती धडा शिकली’ आहे. सकर्मक क्रियापद, भूतकाळ, म्हणजे कर्मणीच असणार असा ज्यांनी अंदाज बांधून ठेवलेला असतो, त्यांना ‘तो धडा शिकला’, ‘ती कविता शिकली’ म्हणून बघितल्यावर कळतं की इथे कर्माला कुणी विचारतच नाही.

पण या पाकिटातलं सगळ्यात चांगलं कार्ड माझ्या मते ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे आहे. मागच्या खिडकीशी बसणाऱ्या एका गटात यावरून जे झालं ते जसंच्या तसं सांगते. एक मुलगा ठाम होता: “मीला ने नाहीये, कर्तरी.” शेजारची मुलगी म्हणाली, “बरं, आता तू म्हण, मी पत्र लिहितो. मी म्हणणार, मी पत्र लिहिते. बदललं की नाही?” बदललं. “आता म्हण, मी चिठ्ठी लिहिली.” तो म्हणाला. ती पण म्हणाली. दोघांचं ‘लिहिली’ एकच. तो गप्प झाला, पण पुरता हरला नव्हता. “मग दोघांनी मिळून म्हणू, आम्ही चिठ्ठी लिहिली.” तरी ‘लिहिली’. आणि मग तिसऱ्या कार्डवाल्याने, जो एरवी तासाला तोंड उघडत नाही, हळूच घातलं: “मी निबंध लिहिला. मी चिठ्ठ्या लिहिल्या.” संपलं भांडण. ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांना तृतीयेत ‘ने’ दिसत नाही, हे वाक्य मी पूर्वी फळ्यावर लिहून चौकट आखून देत असे. इथे ते मुलांनी एकमेकांच्या तोंडून काढलं. मुलगा आणि मुलगी शेजारी बसलेले असल्याशिवाय ही तपासणी एवढी सरळ होतच नाही. मराठीच्या क्रियापदात लिंग बोलतं, त्यामुळे मिश्र गट हेच इथलं उपकरण. मिश्र गटाबद्दल मार्गदर्शिकेत समता वगैरेंवर पानभर मजकूर आहे, हा साधा फायदा मात्र त्यांच्या ध्यानातच आलेला नाही.

त्याच गठ्ठ्यात ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ हेही वाक्य आहे आणि इथे उत्तरसूची तोंडावर आपटते. सूचीत सरळ ‘कर्मणी’ लिहून मोकळे झालेत. वर्गात मात्र दुसऱ्या कार्डाने ‘तुम्ही चिठ्ठी लिहिलीत’ म्हटलं, तिसऱ्याने ‘तू निबंध लिहिलास’ म्हटलं आणि चौथी मुलगी ओरडली, “बाई, दोघांमुळे बदलतंय!” बरोबरच आहे तिचं. कर्माप्रमाणे ‘लिहिली-लिहिला’ आणि कर्त्याप्रमाणे शेवटचा ‘स’ किंवा ‘त’. परंपरेने व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात. शाळेच्या अभ्यासक्रमात तीनच प्रयोग असल्याने परीक्षेपुरतं तेवढंच धरा, हे मी सांगते. पण मुलीचं निरीक्षण चुकीचं ठरवणारी सूची मी वर्गात काढणार नाही. एवढी चांगली तपासणी मुलांच्या हातात दिल्यावर तिचा निकाल काय येऊ शकतो, हे तरी आधी करून बघायचं होतं. आणखी एक तक्रार: ही सूची कार्डांच्याच पाकिटात घातलेली आहे. पाकीट मुलांच्या हातात गेलं की पहिलं बाहेर काय येणार? पहिल्या दिवशीच सगळ्या सूच्या काढून कपाटात ठेवा.

दुसरी कसोटी, म्हणजे एकेकट्याची जबाबदारी, बिल्ल्यांमुळे सांभाळली जाते. कल्पना स्पेन्सर केगन या अमेरिकी अभ्यासकांच्या गटकार्याच्या रचनांमधली. गटातल्या प्रत्येकाला नंबर, प्रश्न सगळ्यांना, डोकी एकत्र आणून चर्चा करायची आणि मग शिक्षकाने आयत्या वेळी नंबर पुकारायचा. “तीन नंबर उभे राहा.” प्रत्येक गटातला तीन नंबरच बोलणार, बाकीच्यांनी ओठ शिवायचे. नंबर कुठला येणार हे माहीत नसल्याने हुशार मुलांना आपलं उत्तर शेजाऱ्याच्या गळी उतरवावंच लागतं. साधं आहे, स्वस्त आहे, बिल्ल्यांऐवजी पेनाने मनगटावर आकडे लिहिले तरी चालतं.

यात एक खाचखळगा आहे. ‘उत्तर सांगणं’ आणि ‘समजावून सांगणं’ यांत मुलं फरक करत नाहीत. “कर्मणी म्हण, कर्मणी” एवढं कानात सांगितलं की काम झालं, असं त्यांना वाटतं. नोरीन वेब यांनी लहान गटांतल्या बोलण्याचा बराच अभ्यास केलाय. त्यात दिसलं ते असं की सविस्तर स्पष्टीकरण देणाऱ्या मुलांना त्याचा फायदा होतो. नुसतं उत्तर पदरात पडलेल्यांना काही होत नाही. म्हणून मी पुकारलेल्या नंबराला प्रयोग कुठला ते विचारतच नाही. “कुठला शब्द बदलल्यावर क्रियापद हललं, ते वाक्य म्हणून दाखव,” असं विचारते. कानात सांगितलेलं ‘कर्मणी’ तिथे कामी येत नाही. चुणचुणीत मुलांची कुरकुर असतेच: “बाई, मी एकटीने केलं असतं तर केव्हाच झालं असतं.” झालं असतं, खरंय. पण तीच मुलगी ‘पुस्तक वाचले’ला भावे म्हणणाऱ्याला पटवताना दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा तिने ‘पोथी’ शोधली. एकटीने सोडवलं असतं तर तिने फक्त खूण केली असती.

समासाच्या पाकिटात ‘जिगसॉ’ पद्धत वापरलीय. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांनी ती १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांसाठी काढली. तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. ॲरनसन यांनी वर्गातली चढाओढ मोडण्यासाठी धड्याचे तुकडे केले, प्रत्येक मुलाला एक तुकडा दिला. मग बाकीच्यांचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. समासाला ही रचना बेतून शिवल्यासारखी बसते. प्रकार चार आणि गटात मुलंही चार. अव्ययीभाववाले सगळे एका कोपऱ्यात जमतात, तत्पुरुषवाले दुसऱ्या, द्वंद्व तिसऱ्या, बहुव्रीही चौथ्या. तिथे आपापला प्रकार पक्का करायचा आणि मूळ गटात परतून बाकी तिघांना शिकवायचा.

दिसायला झकास, पण समासाचा प्रश्न कधीच ‘तत्पुरुष म्हणजे काय’ असा येत नाही. तो येतो ‘हा चौघांपैकी कुठला’ असा. आपला एक प्रकार खोल आणि उरलेले तीन दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले, अशी मुलं ‘पीतांबर’पाशी अडकतात. तत्पुरुषवाला म्हणतो, पीत असे अंबर, माझ्यातला कर्मधारय. बहुव्रीहीवाली म्हणते, पीत आहे अंबर ज्याचे तो, म्हणजे विष्णू, माझा. दोघांचंही बरोबर आहे आणि वाक्य बघितल्याशिवाय निवाडा होत नाही. ‘त्याने पीतांबर नेसला’ म्हटलं तर पहिला, ‘पीतांबर प्रसन्न झाला’ म्हटलं तर दुसरी. ही चर्चा झाली तर सोन्याहून पिवळं, पण ती होण्यासाठी दोघांनाही दोन्ही प्रकार आधी ठाऊक हवेत. यावर उपाय रॉबर्ट स्लॅव्हिन या शिक्षणसंशोधकांनी केव्हाच काढून ठेवलाय. त्यांच्या सुधारित जिगसॉमध्ये सगळेच सगळं वाचतात आणि मग एकेक जण एकेका भागाचा तज्ज्ञ होतो. संचात हे नाही. मी चारही कार्डांच्या झेरॉक्स काढून आदल्या दिवशी सगळ्यांना घरी वाचायला देते आणि पहिलं पद प्रधान, दुसरं प्रधान, दोन्ही प्रधान, एकही नाही, एवढी चार वाक्यं फळ्यावर ठेवते. त्यानंतर जिगसॉ रंगतो.

विभक्तीचं पाकीट बरं आहे. ‘मुलाला बोलावले’ आणि ‘मुलाला पुस्तक दिले’ या जोडीवर प्रत्यय एकच असताना द्वितीया की चतुर्थी हा वाद गटात चांगला पेटतो. बाकीची कार्डं तक्ता भरून घेण्यापुरती.

संधी मात्र कृपा करून गटात शिकवू नका. विसर्गसंधीचा नियम एकदा समजावून द्यायचा, भरपूर उदाहरणं सोडवून घ्यायची, बस्स. ‘मनः + रथ’ यात चौघांनी चर्चा करण्यासारखं काय आहे? ज्याला नियम येतो तो ‘मनोरथ’ सांगणार, ज्याला येत नाही तो ऐकणार. काम वाटून घ्यायला काही नाही, वाद घालायला काही नाही. पाच पाकिटं पुरी करायची म्हणून हे घुसडलंय, हे कार्डांवरूनच कळतं. कारण इथे चारही मुलांच्या हाती तोच मजकूर आहे.

वाक्यरूपांतराच्या पाकिटात मागे एक रत्न लपलंय, त्याचा रूपांतराशी तसा संबंधही नाही. ‘ऐका आणि उभारा’ असं नाव दिलंय. भाषाशिक्षणात याला डिक्टोग्लॉस म्हणतात. शिक्षकाने चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. मुलांनी फक्त सुटे शब्द टिपायचे आणि मग गटाने मिळून उतारा पुन्हा उभा करायचा. मूळ शब्द हुबेहूब यायलाच हवेत असं नाही. अर्थ आणि व्याकरण नीट हवं. टिपणात ‘शिक्षक, मुले, बोलावणे’ एवढंच असतं. एका गटात दोघींनी ‘शिक्षकांनी मुले बोलावली’ लिहिलं, दोघांनी ‘शिक्षकांनी मुलांना बोलावले’. मूळ कुठलं यावरून हमरीतुमरी. मी दोन्ही फळ्यावर लिहिली आणि प्रयोगाची चार कार्डं पुन्हा हातात दिली. पहिल्यात कर्माला प्रत्यय नाही, क्रियापद त्याच्यामागे जातं. दुसऱ्यात ‘ना’ लागला आणि क्रियापदाने कर्माशी फारकत घेतली. मग मुलगे, मुली, मुले कुणालाही बोलवा, ‘बोलावले’ तसंच. कर्मणी आणि भावे यांच्यातला फरक इतका नितळ मला कधी समजावून देता आला नव्हता.

हे का चालतं, याचं एक उत्तर मेरिल स्वेन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या कामात आहे. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणारी इंग्रजीभाषक मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत-वाचत होती, त्यांना ती उत्तम समजतही होती, तरी त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून राहिल्या. त्यावरून स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं ऐकणं पुरत नाही. स्वतः वाक्य घडवताना आपल्याला काय येत नाही ते माणसाला दिसतं. पुढे त्यांनी आणि शॅरन लॅपकिन यांनी असे गट उतारा उभारताना आपसात भाषेबद्दल काय बोलतात ते तपासलं. आमची मुलं मराठी ऐकतच वाढलेली असली तरी लिहिताना क्रियापद कशाशी जुळवायचं ते चुकतंच. संचात असे उतारे फारच थोडे आहेत. मी आता पाठ्यपुस्तकातल्याच परिच्छेदांची काटछाट करून वापरते.

आता गुणतक्ता. ही कल्पनाही स्लॅव्हिन यांचीच, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली. गटात शिकायचं, पण चाचणी एकट्याने द्यायची. प्रत्येकाच्या आधीच्या कामगिरीवरून त्याचे पायागुण ठरतात आणि तो स्वतःच्या पायागुणांच्या किती पुढे गेला, यावर गटाला गुण मिळतात. पायागुणांच्या खाली दहापर्यंत घसरला तर गटाला १०, पायागुणांइतका किंवा दहापर्यंत वर गेला तर २०, दहापेक्षा जास्त वर गेला तर ३०. पेपर बिनचूक असेल तर पायागुण कितीही असोत, ३०. म्हणजे नेहमी तळाला असणारा मुलगा गटाच्या गळ्यातली धोंड उरत नाही. गटाला तीस गुण मिळवून देण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्याच्याकडेच असते, हे इतरांना चटकन कळतं आणि मधल्या सुट्टीत त्याला घेऊन बसायला लागतात.

घोळ असा की हे आकडे शंभर गुणांच्या चाचणीसाठी आहेत आणि संचातल्या चाचण्या आहेत वीस गुणांच्या. तक्ता जसाच्या तसा उचलून छापलाय. वीस गुणांत दहाहून अधिक वर जायचं म्हणजे पाचवर असलेल्या मुलाने एकदम सोळा आणायचे! त्याने नऊ आणले तरी तक्त्याप्रमाणे वीसच, म्हणजे एका गुणाचीही भर न घालणाऱ्याइतकेच. दहाच्या जागी दोन घ्या, सगळं सुरळीत होतं: पाचाचे नऊ करणारा तीस मिळवतो, एकोणीसवरून अठरावर आलेली हुशार मुलगी दहा. तिच्या पालकांना हे समजावून सांगताना तेवढं जपा. हे गटाचे गुण आहेत, प्रगतिपुस्तकात जाणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

भूमिकांच्या पट्ट्यांबद्दल फार लिहीत नाही. वेळपाल वाळूकडे बघत बसतो आणि व्याकरणातून सुटतो, म्हणून ती पट्टी आणि ते घड्याळ दोन्ही बाद. ‘तपासनीस’ मात्र ठेवा. गटाच्या प्रत्येक उत्तरावर ‘कशावरून?’ विचारायचं एवढंच त्याचं काम. माझ्या वर्गाने त्याचं नाव शंकासुर करून टाकलंय आणि ते पद मिळवायला चढाओढ असते.

एका गोष्टीवर मार्गदर्शिका चिडीचूप आहे, ती म्हणजे गैरहजेरी. चार कार्डांपैकी एकाचा धनी आलाच नाही तर सगळा डाव कोलमडतो आणि आमच्याकडे पूर्ण पटाचा दिवस क्वचितच उगवतो. प्रयोगाच्या कार्डांत पहिलं आणि दुसरं एकाच मुलाला देऊन भागतं. चौथं मात्र कुणाला जोडून देऊ नका, ऐकणारा मोकळाच हवा. समासात उलट करावं लागतं: ज्या गटाचा बहुव्रीहीवाला आला नाही, त्यांनी शेजारच्या गटाचा पाच मिनिटं उसना आणायचा. उसना जाणारा खुशीत असतो, त्याला एकच गोष्ट दोनदा शिकवायला मिळते.

घेणार असाल तर प्रयोगाची कार्डं आल्या आल्या लॅमिनेट करून घ्या. कागद जाड असला तरी कोपरे लवकर दुमडतात, आणि दुमडलेल्या कोपऱ्यावरून कुठलं वाक्य आहे ते मुलं पालथ्या कार्डावरूनच ओळखतात.